ज्वारीचे कपकेक : प्रकल्प नोंदी, जानेवारी २०२५

शनिवार, ४ जानेवारी

काम ठरलं. २६ तारखेला भाचीचा वाढदिवस, सोलापुरात आमच्याकडेच. तिला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू, मैदा, रवा, जव यांतलं काहीही जन्मभर बंद. थोडं खाल्लं तर चालेल असा हा प्रकार नाही, सांडलेल्या पिठाचा कणसुद्धा बाधतो. येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घरी अंडं चालत नाही, म्हणून अंडंही वगळलं. बाजारात तयार मिश्रणं मिळतात, पण ती महाग पडतात आणि त्यात काय काय आहे ते वाचायला भिंग लागतं. सोलापुरात राहून ज्वारी सोडून दुसरीकडे बघायचं कशाला?

आज फक्त तुलनेसाठी मैद्याची नेहमीची घाणी काढली. मैदा १२० ग्रॅम, साखर ९०, दही १२०, दूध ६० मिली, तेल ६० मिली, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, खायचा सोडा पाव चमचा, व्हॅनिला. कागदात प्रत्येकी ५५ ग्रॅम मिश्रण भरलं, ओटीजीत (घरगुती विजेच्या भट्टीत) मधल्या खणात १७० अंशांवर २० मिनिटं. छान फुगले, वर हलका घुमट. हे माप पुढे प्रत्येक पिठाला लावायचं.

लगेच तेच कणकेचं. पीठ तेवढंच घेतलं तर मिश्रण घट्ट होतं. चक्कीच्या दगडाखाली गव्हाचा स्टार्च बराच फुटतो आणि फुटलेला स्टार्च पाणी जास्त ओढतो. पोळीची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते त्याचं एक कारण हेच, दुसरं कोंडा. दोन मोठे चमचे दूध वाढवून मिश्रण पंधरा मिनिटं झाकून ठेवलं. कपकेक थोडे बसके, पण चव मैद्यापेक्षा चांगली. ज्यांना फक्त मैदा टाळायचा आहे त्यांनी इथेच थांबावं, एवढ्यावर काम भागतं.

रविवार, ५ जानेवारी

मैदा आणि कणीक आता महिनाभर या ओट्यावर उघडायची नाही. पोळ्या मागच्या पडवीतल्या शेगडीवर. ओटीजीचा ट्रे, जाळ्या धुतल्या. जुना कपकेकचा साचा बाजूला ठेवून नवा आणला, कारण जुन्याच्या कडांच्या खाचांत भाजलेलं पीठ धरून बसलंय आणि ते कशानेच निघत नाही. चाळणी नवी, लाकडी चमचाही नवा. बेकिंग पावडरच्या डब्यावर घटक वाचले: त्यात मक्याचा स्टार्च आहे, गव्हाचा नाही. ठीक.

बुधवार, ८ जानेवारी

पिठाचा प्रश्न. गल्लीतल्या गिरणीत ज्वारीचं जातं वेगळं आहे, पण शेजारच्या जात्यात दिवसभर गहू चालू असतो आणि गिरणीत हवेतच पीठ तरंगत असतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन, म्हणजे भाचीला बाधणारं गव्हा-जवातलं प्रथिन, चालत नाही. गिरणीतून ते साधेल याची खात्री कोण देणार? आमच्या घरघंटीतही गहूच दळला जातो. शेवटी ताईंच्या घरघंटीवर दळायचं ठरलं. भाचीचं निदान झाल्यापासून त्यात ज्वारी, बाजरी, तांदूळ यांशिवाय काही गेलेलं नाही.

ज्वारी मालदांडी, मंगळवेढ्याकडची. निवडून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवली. सर्वांत बारीक जाळी लावून दळली, तरी बोटांना किंचित कण लागतात. भाकरीला ते बरे असतात, केकला नाहीत. म्हणून एक भाग वस्त्रगाळ केला. पातेल्याला जुनं मलमल बांधून पीठ चोळत बसायला वेळ फार लागतो, पण पीठ असं पडतं की हातात घेतल्यावर ज्वारी आहे हे सांगता येऊ नये.

शनिवार, ११ जानेवारी

मैद्याच्या मापात सरळ ज्वारीचं पीठ घातलं. काहीच बदललं नाही, मुद्दाम.

ओटीजीत बारा मिनिटांनी झकास फुगलेले दिसत होते. बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत मध्यभागी खड्डा. कागद सोलताना निम्मा कपकेक कागदालाच. खाताना तोंडात भुसभुशीत, मग किरकिरीत, आणि घशाशी कोरडा. वस्त्रगाळ पिठाचा किरकिरेपणा कमी होता, पण खड्डा तसाच.

कारणं दोन दिसतात.

गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी लागलं, मिसळलं, की त्यांची जाळी तयार होते, तेच ग्लुटेन, आणि फुगणारी हवा त्या जाळीत अडकते. ज्वारीतली प्रथिनं तसं काही करत नाहीत. बुडबुडे होतात, पण त्यांना धरायला कोणी नाही.

दुसरं, स्टार्च. केकचा आकार शेवटी पक्का होतो तो स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि घट्ट बसतो तेव्हा. गव्हाचा स्टार्च साधारण साठ अंशांच्या आसपास फुगायला लागतो, ज्वारीचा सत्तरीच्या आसपास. त्यात साखर असली की हे तापमान आणखी वर सरकतं. म्हणजे ज्वारीचा केक उशिरा बसतो आणि तोवर हवा निघून गेलेली असते. किरकिर लागते ती पाणी पुरेसं न प्यालेल्या कणांची.

संध्याकाळी तांदळाच्या पिठाचेही केले. खड्डा नाही, पण दगड. पुढे त्यावर वेळ घालवत नाही.

रविवार, १२ जानेवारी

ज्वारी आणि बांधणारा पदार्थ, दोन घाण्या.

जवस: एक मोठा चमचा जवसाची पूड, तीन मोठे चमचे पाणी, दहा मिनिटं भिजवून. अंड्याऐवजी सगळे सुचवतात ते हेच. कपकेक तुटले नाहीत, पण जवसाचा वास व्हॅनिलावर मात करतो. लहान मुलं तोंड वाकडं करतील.

इसबगोल: एक छोटा चमचा, दह्यात भिजवून. आकार उत्तम, खड्डा जवळजवळ नाही. पण खालचा भाग चिवट, दाताला ओढणारा. अर्धा चमचा केला तर चिवटपणा जातो, आणि खड्डा परत येतो.

झँथन गम, म्हणजे ग्लुटेनऐवजी पीठ बांधायला घालतात ती पूड, घरी आणायची इच्छा नाही. तो वाईट असतो म्हणून नव्हे. ताईंना ही कृती नंतर दर महिन्याला करायची आहे, आणि त्यांच्या गावच्या किराणा दुकानात तो मिळणार नाही.

सोमवार, १३ जानेवारी, भोगी

आज कपकेक नाहीत. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, खेंगट, लोणी. भाकऱ्या आत्या करत होत्या. बाजरीचं पीठ दहा-बारा दिवसांचं, थापताना कडा फुटायला लागल्या. आत्यांनी पिठात उकळतं पाणी ओतलं, उलथन्याने कालवलं, झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, “विरी गेलीय पिठाची. उकड काढल्याबिगर जमायचं न्हाई.” विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. पाच मिनिटांनी तेच पीठ निमूटपणे थापलं गेलं.

मी परातीकडे बघत राहिले. शनिवारपासून मी ग्लुटेनला पर्याय म्हणून जवस आणि इसबगोल शोधतेय, आणि ग्लुटेन नसलेलं पीठ बांधायचं कसं हे या घरात रोज सकाळी चाललेलंच आहे. गरम पाण्याने थोडा स्टार्च आधीच शिजतो, चिकट होतो आणि उरलेलं पीठ धरून ठेवतो. तांदळाच्या भाकरीला उकड, मोदकाला उकड. मग केकला का नाही?

“आत्या, केकच्या पिठाला उकड काढली तर?”

“काढ की. पीठ ते पीठच.”

बाजरीबद्दल एक नोंद, कारण कोणीतरी विचारेलच. बाजरीत तेलाचा अंश ज्वारीपेक्षा जास्त, आणि दळल्यावर तिच्यातलं लायपेज नावाचं एन्झाइम त्या तेलाच्या मागे लागतं. म्हणून पीठ लवकर खवट होतं. भाकरीत ते थोडंफार खपतं. गोड केकमध्ये कडवटपणा लपत नाही. बाजरीचे कपकेक करायचेच तर पीठ ताजं, त्या आठवड्याचं, आणि साखरेऐवजी गूळ, वर तीळ.

बुधवार, १५ जानेवारी

उकडीची पहिली घाणी. १२० ग्रॅम ज्वारीच्या पिठातलं २० ग्रॅम बाजूला काढलं. ते १०० मिली थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवलं, मग मंद आचेवर सतत ढवळत ठेवलं. तीनेक मिनिटांत घट्ट व्हायला लागतं. गव्हाच्या पिठाचं असतं तर एवढ्यावर उतरवलं असतं, पावासाठी चीन-जपानकडे अशीच खळ करून घालतात. ज्वारीला अजून थोडी आच लागते: बुडबुडे फुटू द्यायचे, चमचा फिरवला की मागे रस्ता दिसला पाहिजे. वर झाकण ठेवून पूर्ण गार केलं, नाहीतर साय धरते.

उकडीत साखर घालायची नाही. साखर पाणी धरून ठेवते आणि स्टार्च नीट फुलत नाही. साखर नंतर, दह्यात.

गार उकड दह्यात आणि तेलात फेटून एकजीव केली. इथे मैद्याचा नियम उलटा लागू होतो. मैदा जास्त घोटला तर जाळी ताठ होते आणि केक वातड बनतो, म्हणून हलक्या हाताने. ज्वारीत जाळीच नाही, तेव्हा मनसोक्त फेटा. सोडा आणि बेकिंग पावडर मात्र शेवटी घालायची आणि त्यानंतर हात आवरायचा.

मिश्रण भरण्याआधी, म्हणजे सोडा घालण्यापूर्वी, वीस मिनिटं झाकून ठेवलं. तेवढ्यात कण भिजतात.

निकाल: खड्डा नाही. वर सपाट, घुमट नाही, पण कागद स्वच्छ सुटला. मधून कापल्यावर बारीक, सारखी छिद्रं. किरकिर नाहीशी झाल्यात जमा.

त्याच दिवशी ३५ ग्रॅम पिठाची उकड करून पाहिली. मधला गाभा चिकट, कच्चट. २० ग्रॅमच बरोबर.

गुरुवार, १६ जानेवारी

कालचे दोन डब्यात ठेवले होते, दोन फ्रिजमध्ये. डब्यातले मऊ. फ्रिजमधले कडक आणि कोरडे. शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट जुळतो आणि फ्रिजच्या तापमानाला ते सगळ्यात भरभर घडतं. शिळी भाकरी फ्रिजमध्ये का ठेवत नाहीत ते यातच आलं. ठेवायचेच तर थेट फ्रीझरमध्ये.

शनिवार, १८ जानेवारी

चव अजून ‘भाकरी’ आहे. ताईंनी फोनवर विचारलं तेव्हा तेच सांगितलं, त्या हसल्या. पीठ थोडं हलकं करायला २५ ग्रॅम ज्वारीच्या जागी शुद्ध स्टार्च घालायचा ठरवला. तीन पर्याय: मक्याचं कॉर्नफ्लोअर, आरारूट, साबुदाण्याचं पीठ.

साबुदाण्याने चिकटपणा वाढतो, उकडीबरोबर तो जास्तच होतो. आरारूट आणि कॉर्नफ्लोअर यांत मला तरी फरक कळला नाही. कॉर्नफ्लोअर स्वस्त, पण वेष्टनावर ‘गव्हाचे अंश असू शकतात’ असं लिहिलेलं निघालं, त्यामुळे ते बाद. आरारूट.

दुसरी घाणी आत असताना लाइट गेली. आठ मिनिटांनी आली. त्या कपकेकांचा निकाल धरत नाही.

ओटीजीत वेगळा थर्मामीटर ठेवून बघितला. बटणावर १८० ठेवलं तर आत १६५. बटणाच्या आकड्याला अर्थ नाही, आतलं तापमान बघायचं. ज्वारीला आत १७५ लागतं आणि वेळ मैद्यापेक्षा तीन-चार मिनिटं जास्त. काडी कोरडी निघाली म्हणजे झालं, असं ज्वारीत धरता येत नाही, ती लवकरच कोरडी निघते. मधोमध बोटाने दाबून बघायचं, वर उसळला पाहिजे.

रविवार, १९ जानेवारी

चॉकलेटचे हवेतच, हा भाचीचा निरोप. चॉकलेटला नाचणी. रंग आधीच तपकिरी, कोकोला ज्वारीपेक्षा ती शोभते. कॅल्शियम १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, हे ताईंना ऐकवायला उपयोगी, भाचीला नाही.

नाचणी पाणी फार पिते. ज्वारीच्याच मापात मिश्रण इतकं घट्ट झालं की चमच्यावरून पडेना. दूध ४० मिली वाढवलं, अर्धं पिकलेलं केळं कुस्करून घातलं. कोको १५ ग्रॅम, तेवढं पीठ कमी. उकड नाचणीचीच, आंबिलीसाठी करतो तशी. सुरेख झाले. उकड ज्वारीपेक्षा लवकर घट्ट होते, नजर ठेवावी लागते.

राजगिऱ्याचे दोन करून बघितले, पीठ उपासाच्या डब्यात होतं म्हणून. वरून भराभर काळे पडतात, वास मातकट. उपासाला केक हवाच असं कोणाचं अडलंय असं वाटत नाही.

बुधवार, २२ जानेवारी

वरचं सजावटीचं. बटर आणि पिठीसाखरेचं क्रीम नको झालंय, नुसती साखर खाल्ल्यासारखं. चक्का लावून बघितला: अर्धा किलो दही रात्रभर टांगून २०० ग्रॅमच्या जवळपास चक्का, ६० ग्रॅम पिठीसाखर, केशर, वेलची. पुरणयंत्रातून काढला, मग पिशवीत भरून नळीतून. आकार धरतो, पण पाऊण तासात खाली पाणी सुटायला लागतं. थंडी आहे म्हणून एवढं तरी. आणि चक्का लावलेला कपकेक फ्रिजमध्ये ठेवायचा तर सोळा तारखेची अडचण समोर उभी. उपाय एकच: चक्का पिशवीत भरून फ्रिजमध्ये, कपकेक बाहेर डब्यात, आणि मेणबत्तीच्या आधी लावायचा. वर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची फोड.

चॉकलेटवाल्यांना काही लावायचं नाही. तसेच.

शनिवार, २५ जानेवारी

एकूण ३२ लागणार: २० ज्वारी, १२ नाचणी. सगळ्या मुलांना हेच. भाचीला वेगळी ताटली आणि बाकीच्यांना मैद्याचा केक, असं ताईंच्या सासरी एका लग्नात झालं होतं. मुलांच्या हातांचे कण ताटलीत मिसळतात ते वेगळंच, पण मुख्य म्हणजे तिला ते कळतं.

ओटीजीत एका वेळी आठच मावतात. दही आणि सोडा भेटले की काम सुरू, म्हणून एकदम मोठं मिश्रण करून चालत नाही, शेवटच्या घाणीपर्यंत त्यातला जोर निघून जातो. सकाळीच कोरडं सगळं वेगवेगळ्या डब्यांत घाणीप्रमाणे मोजून ठेवलं. उकड मात्र एकदाच, मोठ्या पातेल्यात, मग वजन करून वाटे पाडले. उकड दिवसभर झाकून राहिली तरी बिघडत नाही, उलट दुपारच्या घाण्या सकाळपेक्षा गुळगुळीत.

आत्या उकड ढवळायला बसल्या होत्या. मी काट्यावर वजन करत होते, त्या न मोजता “आता उतरव” म्हणायच्या, आणि प्रत्येक वेळी चमच्यामागे रस्ता दिसत होता.

चिवडा बाहेरून आणायचा नाही, घरी. हिंगाच्या डबीवर वाचलं: खड्याचा नसला तर बहुतेक बांधणी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. चिवडा बिनहिंगाचा.

रविवार, २६ जानेवारी

मुलं झेंडावंदन आटोपून थेट आली, पांढऱ्या गणवेशात, त्यामुळे नाचणीचे नंतर द्यायचे असं ताईंनी फर्मावलं. कोणी ऐकलं नाही. नाचणीचे आधी संपले. ज्वारीचे तीन उरले.

एका मुलाने चक्का चाटून खाल्ला आणि खालचा कपकेक परत ताटात ठेवला. बाकी तक्रार नाही. एका आईने पाककृती मागितली आणि ज्वारी ऐकून थोडी नाराज झाली, तिला बदामाचं पीठ वाटलं होतं.

मंगळवार, २८ जानेवारी

उरलेले डब्यात दोन दिवसांनी: कडा किंचित कोरड्या, आत ठीक. फ्रीझरमध्ये ठेवलेला एक काढून कुकरच्या भांड्यात झाकून पाच मिनिटं वाफवला, ताज्यासारखा मऊ झाला. मायक्रोवेव्ह असेल तर वीस सेकंद.

ताईंना लिहून पाठवलेलं माप, आठ कपकेकचं:

ज्वारीचं वस्त्रगाळ पीठ ९५ ग्रॅम. त्यातलं २० ग्रॅम १०० मिली पाण्यात शिजवून उकड, पूर्ण गार. उरलेलं ७५ ग्रॅम आणि आरारूट २५ ग्रॅम एकत्र चाळून. दही १२० ग्रॅम (आंबट नको), साखर ९०, तेल ६० मिली, व्हॅनिला अर्धा चमचा, चिमूट मीठ. दही, साखर, तेल, उकड गुठळी मोडेपर्यंत फेटायची, पीठ घालून वीस मिनिटं झाकायचं. मग बेकिंग पावडर एक सपाट छोटा चमचा, सोडा पाव, दोन चमचे दुधात कालवून पटकन मिसळायचा. आत १७५ अंश, २३ ते २५ मिनिटं.

ताईंचा उलट प्रश्न आला: पीठ पंधरा दिवसांचं असेल तर? विरी गेलेल्या पिठाने अजून करून पाहिलेले नाहीत. एक किलो पीठ आज तारीख घालून बाजूला ठेवलंय, १२ फेब्रुवारीला त्याची घाणी.